पसारा आवरायचाय? कपाट उघडायच्या आधी सामान कुठे जाणार ते ठरवा

दिवाळीच्या आधी बहुतेक घरात एकच सीन असतो. कपाटं रिकामी होतात, सगळं बेडवर येतं, दुपारपर्यंत "द्यायचं सामान" म्हणून दोन-तीन मोठ्या पिशव्या भरतात, सगळ्यांना एकदम हलकं वाटतं, आणि मग त्या पिशव्या गॅलरीत किंवा दाराच्या मागे जाऊन बसतात. शिमग्यापर्यंत तिथेच. मग पाहुणे येणार असतात म्हणून त्या उचलून माळ्यावर, आणि पुढच्या दिवाळीला त्याच पिशव्या उघडून "अगं हे चांगलं आहे की" म्हणत अर्धं सामान परत कपाटात.

माझ्या घरात, माहेरी-सासरी आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांकडे हे आवरायचं काम केल्यावर माझं मत असं झालंय की सामान घराबाहेर न जाण्याचं कारण दर वेळी भावना वगैरे नसते. बऱ्याचदा ते द्यायचं कुणाला हेच माहीत नसतं. चांगली वस्तू कचऱ्यात टाकायला आपला हात धजावत नाही, आणि ते बरंच आहे म्हणा, पण मग तिला जायला दुसरी वाट तर हवी ना. म्हणून जे पहिल्यांदा ठरवून आवरायला घेतायत त्यांनी कपाटाला हात लावू नका, आधी फोन आणि वही घेऊन बसा.

पहिलं काम: कुठलं सामान कुठे जाईल याची यादी

रद्दीवाला तुमच्या ओळखीचा असतोच. पण त्याला फक्त पेपर देऊ नका, तो काय काय घेतो ते विचारा. पुठ्ठा, वह्या-पुस्तकं, लोखंड, पत्र्याचे डबे, कडक प्लास्टिकच्या बादल्या, धुतलेल्या दुधाच्या पिशव्या, बाटल्या यातलं बरंचसं तो किंवा त्याच्या शेजारचा भंगारवाला घेतो. दर शहरागणिक आणि महिन्यागणिक बदलतो, त्यामुळे दोन ठिकाणी विचारा आणि घरच्या काट्यावर एकदा वजन करून ठेवा, भांडायला नाही पण अंदाज असावा म्हणून.

तांबं-पितळ मात्र भंगारवाल्याला देऊ नका, भांड्यांच्या जुन्या दुकानात मोडीत द्या. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे, बाकी गावांत मुख्य बाजारपेठेत भांडीवाले असतातच, मोड घेतात आणि पैसे देतात किंवा नव्या भांड्यात वळते करतात. पैसेच घ्या. नव्या भांड्यांसाठी नाही आपण हा खटाटोप करत.

बोहारणीचं पण तेच. अजून कुठे कुठे दारावर येतात त्या, जुने कपडे घेऊन स्टीलचं भांडं देतात, आणि त्यांच्याइतकं जुन्या कपड्याचं खरं मोल कुणाला कळत नाही, फाटकं कुठलं आणि बाजारात परत विकलं जाईल ते कुठलं हे त्या एका नजरेत सांगतात. कपडे जरूर द्या त्यांना. फक्त पाच साड्या देऊन एक डबा घरात आला की तो डबा ठेवायला जागा लागते हे लक्षात असू द्या, शक्य असेल तर लहानात लहान आणि रोज लागणारं भांडं मागा.

कपडे संस्थेला द्यायचे तर गूंज आहे, १९९९ पासून हेच काम करतात, मुंबईसारख्या मोठ्या शहरांत त्यांची सामान जमा करायची ठिकाणं आहेत, कुठे आणि कधी घेतात ते आधी बघून जा. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःचीच सहकारी संस्था आहे, ते अधूनमधून वेगवेगळ्या भागात जुनं सामान गोळा करायचे कार्यक्रम ठेवतात, तारीख कळली की कॅलेंडरवर लिहून ठेवा. कुठेही द्या, पण एक नियम पाळा: धुतलेलं आणि घालण्यासारखं असेल तरच दान. कॉलर विरलेला, चेन तुटलेला शर्ट गरिबाला तरी कशाला हवाय? तो फरशी पुसायला.

आता एक वाट सांगते जी खूप जणांना माहीत नसते. घरात आजारी माणूस होऊन गेलं की व्हीलचेअर, वॉकर, कमोड चेअर, वॉटर बेड, कधी कधी अख्खा हॉस्पिटलसारखा बेड राहतो मागे. आपल्याकडे गावोगावी ट्रस्ट, ज्येष्ठ नागरिक संघ, काही गणेश मंडळं रुग्णोपयोगी साहित्य केंद्र चालवतात, म्हणजे या वस्तू फुकट किंवा नाममात्र भाड्याने गरजूंना देतात. त्यांना या गोष्टी कायम कमी पडतात. एक फोन केलात तर काही जण येऊन घेऊन पण जातात.

जुने मोबाइल, चार्जर, वायरींचे गुंते, बंद मिक्सर, कीबोर्ड हे सगळं ई-कचऱ्यात. भंगारवाला तांब्यासाठी वायरी जाळतो, तो धूर कुणीतरी श्वासात घेतंच, म्हणून अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, जुन्या वस्तूच्या विल्हेवाटीची जबाबदारी कंपन्यांवर आहे, त्यामुळे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला किंवा मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात विचारायला लाजू नका. इन्व्हर्टरची बॅटरी बॅटरीच्या दुकानात परत द्या, पैसे मिळतात. मोबाइल द्यायच्या आधी सिम आणि मेमरी कार्ड काढा, अकाउंटमधून लॉग आउट व्हा आणि मग फॅक्टरी रीसेट. फुगलेली बॅटरी असेल तर ती दाबू नका, टोचू नका, वेगळी ठेवा आणि देताना सांगा.

ही यादी झाली की प्रत्येकासमोर फोन नंबर आणि वार लिहा. सामान बाहेर काढायचा दिवस रद्दीवाल्याच्या दिवसावरून ठरवायचा, आपल्या मूडवरून नाही. संध्याकाळी पाचला तो येणार आहे म्हटलं की दुपारी दोनला निर्णय पटापट होतात, हा अगदी हमखास अनुभव आहे.

कधी काढावं

दिवाळीच्या आठवड्यात नको. तेव्हा सगळेच काढतात, संस्थांकडे ढीग लागलेला असतो, रद्दीवाला भाव पाडतो आणि तुम्हाला चकल्या करायच्या असतात. पावसाळ्यात पण नको, गाद्या-कपडे दमट, कागद ओले, माळ्यावर झुरळं. मला विचाराल तर पितृपक्षाचा पंधरवडा बेस्ट आहे, नाहीतरी तेव्हा नवीन खरेदी करत नाहीत म्हणजे घरात येणं बंद असतं, आणि पाऊसही बहुतेक ओसरत आलेला असतो. कुणाला ते मनाला पटत नसेल तर मग दिवाळी झाल्यावरचा नोव्हेंबर-डिसेंबर. मुलांचं सामान मात्र मे महिन्यात, ती घरी असताना.

एका दिवसात अख्खं घर काढायचा हट्ट करू नका. एका वेळी एक कप्पा, दोन तास, आणि त्या दोन तासातच तो कप्पा परत लावून झाला पाहिजे. वन बीएचकेमधे बेडवर पसरलेलं सामान रात्री झोपायच्या आधी कुठेतरी कोंबावंच लागतं, तिथेच सगळा घोळ होतो.

सुरुवात स्वयंपाकघरापासून, कारण तिथे रडू येत नाही

नवशिक्यांनी फोटोच्या अल्बमपासून कधीही सुरू करू नका. श्रीखंडाच्या डब्यांपासून करा. श्रीखंड, आइस्क्रीम, हॉटेलच्या पार्सलचे काळे डबे, सगळे ओट्यावर मांडा आणि प्रत्येक डब्याला त्याचं झाकण लावून बघा. ज्याला झाकण नाही तो गेला, ज्या झाकणाला डबा नाही ते गेलं. उरलेल्यातले शेजारीपाजारी आणि कामवाल्या मावशींना द्यायला म्हणून पाच-सहा ठेवा, बाकी भंगारात. मग पिशव्यांची पिशवी, म्हणजे दारामागे टांगलेली ती फुगलेली पिशवी जिच्यात फक्त पिशव्या असतात. त्यातल्या दहा चांगल्या कापडी पिशव्या ठेवा.

फडताळातले मसाले, पापड, शेवया, तीन वर्षांपूर्वीचं कस्टर्ड, पार्सलबरोबर आलेली सॉसची पुडकी, यात विचार करायचाच नाही, तारीख बघायची आणि गेली असेल तर टाकायच्या पिशवीत. टवका गेलेली, कोटिंग उडालेली नॉनस्टिक कढई पण त्याच पिशवीत.

स्टीलच्या भांड्यांशी जरा थांबावं लागतं. आपल्याकडे प्रत्येक वाटीवर नाव असतं, चि. अमुकच्या मुंजीप्रीत्यर्थ, सौ. तमुककडून सप्रेम भेट आणि खाली तारीख. ते नाव वाचलं की ती वाटी एकदम वाटी राहत नाही. इथे मी एक साधा हिशोब करते: घरात माणसं किती, एका वेळी जास्तीत जास्त पाहुणे किती, तेवढी ताटं-वाट्या-पेले ठेवायचे आणि अधिक एक अर्धा डझन. सत्यनारायणाला चाळीस पानं उठत असतील तर हल्ली केटरर भांडी घेऊन येतो. नावाची म्हणून ठेवायची तर आई-वडिलांच्या, आजीच्या नावाची निवडक ठेवा आणि ती वापरात काढा, रोजच्या चहा-साखरेला आजीचा डबा आला तर त्याच्याहून चांगलं काय. बाकीची मोडीत. मोठी पातेली, घंगाळ, पिंप अशी दणकट भांडी गावच्या देवळाला, मंडळाला, आश्रमशाळेला उपयोगी पडतात, आधी विचारून मग न्या.

कपडे, साड्या आणि तो ब्लाउजपीसचा गठ्ठा

साध्या कपड्यांचा प्रश्न लवकर सुटतो. अंगात घालून बघा. "बारीक झाले की होईल" या कपड्यांसाठी एकच हँगर, म्हणजे एकच कपडा, तुम्हाला सगळ्यात आवडतो तो.

साडीची गोष्ट वेगळी आहे. साडी होते, ब्लाउज होत नाही, असं निम्म्या कपाटाचं असतं. त्यामुळे ब्लाउजवरून ठरवा: नवीन ब्लाउज शिवायला तुम्ही खरंच टेलरकडे जाणार आहात का? या महिन्यात जाणार असाल तर ती साडी पिशवीत घालून दाराशी ठेवा. नसाल तर ती साडी दुसऱ्या कुणाच्या अंगावर शोभून दिसेल. सुती साड्या, विशेषतः जुनी मऊ नऊवारी, देऊ नका, तिची गोधडी करून घ्या. गोधड्या शिवून देणाऱ्या बायका अजून बऱ्याच गावांत आहेत, बाळाला दुपटी करायला पण तेच कापड लागतं. जरीच्या जुन्या साड्या दारावर येणाऱ्याला घाईने विकू नका. खऱ्या चांदीच्या जरीची किंमत त्याला माहीत असते आणि आपल्याला नसते, त्यामुळे आधी ओळखीच्या सोनाराकडे किंवा पैठणीच्या जाणकाराकडे दाखवून घ्या.

ओटीत आलेले ब्लाउजपीस, शाली, टॉवेल, टोप्या, हे सामान घराघरातून नुसतं फिरत असतं आणि फिरू दे, फक्त कुणी दिलं त्याची चिठ्ठी प्रत्येकाला टाचून ठेवा, नाहीतर वन्संनी दिलेला पीस वन्संच्याच ओटीत जातो. दहा-पंधरा चांगले ठेवा. बाकीच्यांच्या शिवणवाल्या ताईंकडून पिशव्या किंवा उशीचे अभ्रे करून घ्या. सत्काराच्या शाली थंडीच्या सुरुवातीला बाहेर काढल्या तर लगेच जातात, स्टेशनबाहेर, मजुरांच्या वस्तीत. मार्चमधे शाल कोण घेणार.

एक गोष्ट कधीही विसरू नका. साडी, पर्स, जुना कोट द्यायच्या आधी प्रत्येक घडी, प्रत्येक खिसा तपासा. आपल्या आयांना आणि आज्यांना साडीच्या घडीत, मसाल्याच्या डब्यात, देवाच्या फोटोमागे पैसे ठेवायची सवय असते. २००० च्या नोटा सापडल्या तर घाबरू नका, १९ मे २०२३ ला त्या मागे घ्यायचं जाहीर झालं असलं तरी त्या अजून कायदेशीर चलन आहेत, फक्त बँकेत आता घेत नाहीत, रिझर्व्ह बँकेच्या मुंबई, बेलापूर किंवा नागपूरच्या ऑफिसात जावं लागतं किंवा पोस्टाने पाठवून खात्यात जमा करता येतात. २०१६ च्या नोटबंदीतल्या जुन्या पाचशे-हजारच्या मात्र कागदच झाल्यात, आणि गंमत म्हणजे अशा दहापेक्षा जास्त नोटा जवळ ठेवणं २०१७ च्या कायद्याने गुन्हा आहे. आठवण म्हणून एक-दोन ठेवा.

कागदपत्रं: इथे घाई केलीत तर महागात पडेल

हा भाग मी मुद्दाम सावकाश करायला सांगते, कारण इथे चुकून फेकलेलं परत मिळत नाही किंवा मिळवायला ऑफिसांचे उंबरे झिजवावे लागतात.

कधीच टाकायचं नाही असं: घराचं मूळ अ‍ॅग्रीमेंट आणि त्याच्या आधीची साखळी, इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, शेताचे सातबारे आणि फेरफार, जन्म-मृत्यू-लग्नाचे दाखले, शाळा सोडल्याचा दाखला, दहावीपासूनची मार्कशीट, जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटी, मृत्युपत्र, नोकरीची आणि पेन्शनची कागदं. जातीच्या व्हॅलिडिटीला आजोबा-पणजोबांच्या शाळेचे दाखले लागतात, त्यामुळे पिवळं पडलेलं, तुकडे झालेलं जुनं दाखल्याचं कागद दिसलं तर ते आधी प्लास्टिकच्या फोल्डरमधे घाला.

इन्कम टॅक्सची रिटर्न्स आणि त्याला जोडलेले पुरावे मी आठ वर्षं ठेवायला सांगते. घर, शेअर, सोनं विकत घेतल्याची पावती ती वस्तू विकेपर्यंत आणि विकल्यावरही तेवढीच वर्षं. लाइट बिलं वर्षभराची पुरे, घरपट्टीच्या पावत्या मात्र सगळ्या ठेवा. वॉरंटी संपलेल्या वस्तूंची कार्डं, फ्रीज कधीच गेला तरी राहिलेलं त्याचं पुस्तक, बँकेची जुनी पत्रं, हे रद्दी. आधारच्या झेरॉक्स, चेकबुकची कोरी पानं, जुनी स्टेटमेंट्स मात्र अख्खी रद्दीत देऊ नका, फाडून, नावनंबर बारीक करून मग द्या.

आणि ट्रंकेच्या तळाशी शेअरची कागदी सर्टिफिकेटं, जुनी एफडीची पावती, विम्याची पॉलिसी, पोस्टाची बचतपत्रं मिळाली तर तो खरा लॉटरीचा भाग. कागदी शेअर १ एप्रिल २०१९ पासून डीमॅट केल्याशिवाय दुसऱ्याच्या नावावर होत नाहीत. सलग सात वर्षं डिव्हिडंड घेतला नसेल तर ते शेअर सरकारच्या आयईपीएफ नावाच्या फंडाकडे जातात, पण क्लेम करून परत मिळवता येतात, वेळ लागतो इतकंच. बँकेत दहा वर्षं न हाललेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या फंडात जाते, तीही वारसाला मिळते, आणि कुठल्या बँकेत नाव आहे ते शोधायला रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' पोर्टल २०२३ पासून आहे.

जुन्या वाड्यातून आलेली ट्रंक असेल आणि आत न वाचता येणाऱ्या वळणदार अक्षरातले कागद असतील तर ती बहुधा मोडी लिपी. ते रद्दीवाल्याला देऊ नका. मोडी वाचणारं माणूस शोधा, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० मधे राजवाड्यांनी सुरू केलेलं, तिथे विचारा. बऱ्याचदा किराण्याचा हिशोब निघतो, पण कधी कधी तुमच्याच जमिनीचा.

माळा

एकट्याने चढू नका. खाली घेणारं एक माणूस, मास्क, आणि कमरेइतकी नाही तर नीट उंचीची शिडी. माळ्यावर साधारण तीन प्रकार असतात: बॅगेत बॅग आणि त्यात बॅग, टीव्ही-मिक्सरचे रिकामे खोके थर्माकोलसकट, आणि "गावाला न्यायचं आहे" असं म्हणून ठेवलेलं. खोकी परत करायची मुदत संपेपर्यंतच ठेवायची, भाड्याच्या घरात राहून दर दोन वर्षांनी शिफ्टिंग करणाऱ्यांनी फक्त टीव्हीचं ठेवावं. गावाला न्यायचं सामान गणपतीला जाताना गाडीत टाका, यंदा गेलं नाही तर ते गावाला जाणारच नाही असं समजा. (आणि गावचं घर म्हणजे शहरातल्या पसाऱ्याचं गोडाऊन नाही हे पण जरा बघा, तिथे राहणाऱ्या काकूंना विचारलंय का?)

गणपतीचं मखर, लायटिंगच्या माळा, आकाशकंदील, पणत्या, यांना प्रत्येकी एक खोकं आणि वर मोठ्या अक्षरात नाव. २०१८ पासून राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे, त्यामुळे जुनं थर्माकोलचं मखर जपून ठेवण्यात काही अर्थ नाही.

कापसाची गादी टाकू नका, पिंजून परत भरता येते, पिंजारी मिळायला हवा फक्त. फोमच्या गादीला आणि तुटक्या सोफ्याला मात्र कुणी वाली नसतो, वॉर्ड ऑफिसला फोन करून मोठं सामान कधी आणि कसं नेतात ते विचारा. रात्री गुपचूप कोपऱ्यावर ठेवून यायचं नाही. चांगलं फर्निचर ऑनलाइन विकत असाल तर एवढंच ध्यानात ठेवा की आपल्याला पैसे येणार असताना क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही की यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही. "मी आर्मीत आहे, कोड पाठवतो" म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्या.

औषधांचा डबा पण याच दिवशी काढा. तारीख गेलेल्या गोळ्यांची पाकिटं कात्रीने कापा म्हणजे कुणी परत विकणार नाही, आणि घातक कचरा म्हणून वेगळ्या पिशवीत, वर लिहून, घंटागाडीवाल्याला सांगून द्या. बेसिनमधे ओतू नका. पाऱ्याचा जुना थर्मामीटर, ट्यूबलाइट, सीएफएल दिवे फुटू न देता त्यातच.

देवाचे फोटो, पोथ्या, आणि गेलेल्या माणसाच्या वस्तू

तडा गेलेल्या तसबिरी, जीर्ण पोथ्या, लग्नपत्रिकांवरचे गणपती. हे कुणाला टाकवत नाही म्हणून पिंपळाखाली किंवा नदीकाठी ठेवून येतात, आणि तिथे त्यांचं काय होतं ते आपण रोज बघतो. त्यापेक्षा घरीच अक्षता वाहून उत्तरपूजा करा, नमस्कार करा, मग फ्रेम सोडवा. लाकूड वेगळं, काच वेगळी, कागद वेगळा. कागद पाण्यात भिजवून लगदा करून कुंडीच्या मातीत घालता येतो, चकचकीत छपाईचा नसेल तर. नाशिकमधे संपूर्णम सेवा फाउंडेशन हेच काम करते, लोकांकडून जुन्या तसबिरी घेऊन त्यांची रीतसर उत्तरपूजा करून पुढची व्यवस्था लावतात. तुमच्या गावातल्या एखाद्या देवळात विचारून बघा, गुरुजींना पण हा प्रश्न रोजचा आहे.

घरातलं माणूस गेल्यावर तेराव्याच्या गर्दीत नातेवाईक कपाट रिकामं करायला घेतात. मदत म्हणूनच करतात, पण नको म्हणा. औषधं आणि भाड्याने आणलेली साधनं तेवढी तेव्हा परत करा, बाकी कपाट बंद. कुणी वर्षश्राद्धानंतर उघडतं, कुणी दोन महिन्यांत, यात काही नियम नाही. उघडाल तेव्हा घरच्यांना प्रत्येकी एक वस्तू निवडू द्या आणि ती वापरू द्या, बाबांचं घड्याळ लॉकरमधे बंद पडण्यापेक्षा नातवाच्या मनगटावर चालू दे. मुलं अमेरिकेत आणि पुण्यातला फ्लॅट रिकामा करायचा आहे असं असेल तर व्हिडिओ कॉलवर खोली दाखवत एकेक विचारू नका, पहाटे चार वाजता तिकडून कुणीही सगळ्यालाच "राहू दे" म्हणतं. फोटो काढून नंबर द्या आणि आठवड्याची मुदत द्या.

फोटोंचे अल्बम वडीलधारे आहेत तोवर त्यांच्याबरोबर बसून बघा आणि मागे पेन्सिलीने नावं लिहा. नावं नसलेला फोटो पुढच्या पिढीला कुणाचाच नसतो. लग्नाची व्हिडिओ कॅसेट लवकर डिजिटल करून घ्या, टेप खराब होत जाते. ट्रॉफ्या आणि स्मृतिचिन्हं, हे आमच्याकडे शिक्षक-डॉक्टर-कार्यकर्त्यांच्या घरचं खास दुखणं: फोटो काढा, नावाची पट्टी सोडवून ठेवा, बाकी द्या. दिवाळी अंकांचे गठ्ठे मात्र रद्दीत घालायच्या आधी गावच्या ग्रंथालयाला किंवा जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याला विचारा, दिवाळी अंकाची परंपरा १९०९ च्या 'मनोरंजन'पासूनची आहे आणि जुने अंक शोधणारे वेडे लोक आहेत.

दुसऱ्याच्या सामानाला हात लावायचा नाही

सासूबाईंचा डबा, नवऱ्याच्या वायरी, मुलीचे रंग, यातलं काहीही त्यांच्या पाठीमागे देऊ नका, ते निरुपयोगी आहे हे तुम्हाला शंभर टक्के माहीत असलं तरी. एकदा असं झालं की ते माणूस पुढे चिंधीसुद्धा सोडत नाही. वयस्कर माणसांना "टाकायचं का" विचारू नका, "कुणाला देऊया" विचारा. ज्यांनी रॉकेलच्या रांगा आणि रेशनचे दिवस काढलेत त्यांना सुतळीचा तुकडा पण जपावासा वाटतो, त्यात त्यांचं काही चुकत नाही. त्यांना एक कपाट पूर्ण त्यांचं द्या आणि त्याच्याबद्दल काही बोलू नका. मुलांना दोन खोकी द्या, एक ठेवायचं, एक द्यायचं, आणि त्यांनी निवडलेलं मान्य करा.

ज्याचं काहीच ठरत नाही ते एका खोक्यात घालून चिकटपट्टी लावा, वर तारीख टाका. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात खोकं उघडलं गेलं नसेल तर थेट देऊन टाका, आत काय आहे ते बघू नका.

आता येणारं थोडं अडवा

हे सगळं केलं आणि दारातून येणं चालूच राहिलं तर दोन वर्षात परत तेच. घरातल्या कार्याच्या पत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये" लिहा आणि खरंच घेऊ नका. वाढदिवसाला द्यायचं तर नाटकाची तिकिटं, चांगला तांदूळ, डबाभर लाडू. एकावर एक फ्रीमधला दुसरा लागणार नसेल तर पहिला पण घेऊ नका. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकची चाळणी-फणी-डबी लुटणं बंद करा, दर घरात अशी पन्नास पडलेली असतात. गूळ द्या, तीळ द्या, हळदीचं पाकीट द्या, कोथिंबिरीचं-मेथीचं बी द्या, आणि हे डिसेंबरातच मैत्रिणींच्या ग्रुपवर ठरवून टाका, कारण जानेवारीत एकीने डझनाने डब्या आणल्या की बाकीच्या पण आणतात.